सुई

सुई माझी होती.
रजईची, लांब, टोक नवं.
कार्सला या दिवसांत माझ्याकडे मान वर करायला सवड नसते.
तरी झेकिये दुपारी दुकानात आली,
बुटांवरचा बर्फ दारातच झाडला
आणि म्हणाली, इस्रफिलकाका,
उस्तादांना द्यायचात तसलीच द्या.

उस्ताद म्हणजे आशिक बादेमी.
इथल्या थंडीत बदाम रुजत नाही.
लष्करात असताना दक्षिणेला कुठेतरी
फुललेलं एकच झाड त्याने पाहिलं,
तेही ट्रकच्या मागच्या फळीवरून,
आणि उरलेला जन्म तेच नाव लावलं.
फेहिमे म्हणायची, बरं झालं,
कोबीचा मळा नाही दिसला.

त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून चहाघर भरलं होतं.
खिडक्यांवर वाफ, कोपऱ्यात ओल्या कोटांचा ढीग.
नगरपालिकेचे साहेब बोलले:
वारसा, परंपरा, अभिमान,
पुन्हा वारसा.
माईक मधूनच शिट्टी घालत होता.
पहिल्या रांगेत फेहिमे, मांडीवर त्याचा साझ,
तिसऱ्या तारेला अजून ती गाठ.
तिने तो उचलून झेकियेच्या हाती दिला,
शेजारणीला तान्हं मूल द्यावं तसा, मान सांभाळून.

मग झेकियेने सुई ओठांत उभी धरली.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो:
ओठाला ओठ लागला की टोचते.
म्हणजे बाप गेला, भाकर गेली,
बर्फ गेला (आणि तो कार्समध्ये!),
मीठ, प्रेम, वैर, पाऊलवाट.
साहेबांचं अख्खं भाषण गेलं.
मरण हा शब्दही गेला.
उरेल त्यात जागच्या जागी जुळवायचं,
आणि शेवटच्या कडव्यात सही करायची.

   तळं गोठलं, आत चांदणं अडकलं,
   घसरगाडीचं लाकूड रात्री तडकलं,
   दारात कोणी घोंगडं आज झटकलं?
   उठ, उस्ताद, तुझा चहा गार झाला.

   तार तुटली की गाठ तूच घातली,
   गाठीतून लंगडी चाल निघाली,
   ती ऐकत सारी गल्ली रात्र जागली,
   आज त्याच चालीचा आधार झाला.

   झेकिये, इतकीच सही हाती आली,
   तुझी दोन अक्षरं दातांआड राहिली,
   सुई जणू त्या दाराची कडी झाली.
   आत राहिला तो, आतच थोर झाला.

इथे ती थांबली. हात चालूच.
मी टोकाकडे बघत होतो, माझा धंदाच तो.
पहिल्यांदा फेहिमे बोलली, अगदी हळू,
जेवायला बोलवावं तसं: बादेमी.
मग शेगडीजवळचे दोन म्हातारे.
मग कप गोळा करणारा पोऱ्या,
ज्याने त्याला कधी ऐकलंच नव्हतं.
मग साहेबसुद्धा.
सगळ्या चहाघराचे ओठ
एकदा मिटले, उघडले,
पुन्हा मिटले.
झेकियेचे तेवढे उघडे.

सुई रात्रीच परत आली, रुमालात गुंडाळून.
दिव्यापुढे धरून पाहिली. कोरडी.
त्याने शेवटची परत केली होती
तिच्यावर तांबडा ठिपका होता.
चुकलो रे, म्हणाला होता,
शेवटच्या ओळीत आईचं नाव आलं.
ती सुई मी कुठे ठेवली, आता सापडत नाही.

सकाळी या सुईत दोरा ओवला.
पुलापलीकडच्या घरची रजई अर्धी राहिली आहे,
त्यांची सून दिवस मोजते आहे.
कापूस सारखा करताना सुई तोंडात धरायची
ही माझी जुनी खोड.
तेवढ्यात रस्त्यावरून कोणी हाक मारली.
नाव विचारता येईना, थांब म्हणता येईना.
ओ दिली.
ओ देता येते.